भरलेला वजा रिकामा

ऑगस्टभर गव्हाचे ट्रक येत राहतात, रात्री दोनलासुद्धा.
मी काचेच्या खोलीत, भुईकाट्यापाशी.
दोन ट्रकांच्या मधे जी वीस-बावीस मिनिटं सांडतात
त्यांत मी फुटबॉल शिकते आहे.
खेळायला नव्हे. भिडू निवडायला.

डेल्बर्टच्या फँटसी लीगमध्ये बारावी खुर्ची रिकामी झाली,
व्हर्लिन टेक्सासला गेला, लेकाकडे, कायमचा.
अग्निशमन केंद्रात कॉफी ओतताना डेल्बर्ट म्हणाला,
मार्डेल, तू ये. हिशेबच तर आहे.
सगळे हसले. म्हणजे मी कच्चं लिंबू,
वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

म्हणून हे सराव-ड्राफ्ट. लुटुपुटूचे.
पडद्यावर बारा जागा, त्यांतली सात यंत्रं,
चार कुठली तरी झोप न येणारी माणसं, आणि मी.
एका निवडीला साठ सेकंद.
रांग टोकापर्यंत जाते आणि सापासारखी उलटी वळते,
शेवटच्याला लागोपाठ दोन घास, पहिल्याला उपास.

पहिल्या रात्री मी तिसऱ्याच फेरीत किकर घेतला.
त्याचं आडनाव माझ्या आजोळचं होतं.
कुणीतरी नुसतं हा हा हा लिहिलं आणि निघून गेलं,
त्या जागी आणखी एक यंत्र येऊन बसलं.
दुसऱ्या रात्री माझ्या चारही धावपटूंची सुट्टी
एकाच आठवड्यात निघाली.
तिसऱ्या रात्री ज्याला घेतलं त्याचा गुडघा
जूनमध्येच गेला होता. सगळ्या जगाला ठाऊक होतं.
चौथ्या रात्री, ऐन पाचव्या फेरीत ट्रक आला.
मी पावती फाडून परत येईतो
यंत्राने माझ्या वतीने निवडलं होतं,
आणि माझ्यापेक्षा बरं निवडलं होतं.
राग आला. खरंच आला.

मग ओडेल. पहाटेचे साडेतीन.
ट्रक भरलेला, ऐंशी हजार पौंड.
ओतून परत आला, सत्तावीस.
मधला तेवढा गहू.
एकतीस वर्षं मी हे लिहिते आहे,
लोखंडाचे पैसे कुणी देत नाही.
त्या पहाटे पेन तसंच थांबलं.

तीनशे गुणांचा क्वार्टरबॅक असेल मोठा,
पण सगळ्यांनी टाकलेला, शेवटी उरणाराही पावणेतीनशे आणतो.
म्हणजे त्यात गहू पंचवीसच. बाकी ट्रक.
आणि हा दोनशेवीसचा धावपटू, फारसा न गाजलेला,
हा गेला की मागे शंभरवालेच उरतात,
भरलेला वजा रिकामा,
अगं बाई.

ओडेल काचेवर टकटक करत होता. पावती?

त्यानंतर सव्वीस संघ बांधले मी.
काही तर फारच चांगले.
पंधराव्या फेरीनंतर पडदा आभार मानतो
आणि संघ जातो. कुठे, ते विचारू नये.
त्यांच्या वाट्याला एकही रविवार आला नाही,
कुणी चिखलात पडलं नाही, कुणाचा खांदा निखळला नाही.
एकदा सातव्या जागेवरचं कुणीतरी शेवटपर्यंत थांबलं,
आम्ही दोघं आणि दहा यंत्रं.
त्याने लिहिलं, छान संघ. मी लिहिलं, तुझापण.
बाहेर कोठारावरच्या दिव्याभोवती पाखरं.

लेबर डेच्या आदल्या शनिवारी
बंबाच्या शेजारी टेबलं मांडलेली,
भिंतीवर मोठा कागद, चिकटवायच्या कोऱ्या पट्ट्या.
माझी जागा नववी.
सव्वीसातल्या एकोणीस संघांत मी ज्याला घेतला होता
त्याला डेल्बर्टच्या लेकीने, कॉर्लिसने, आठव्यावर उचललं,
चिप्स खाता खाता, जर्सीचा रंग आवडतो म्हणून.

साठ सेकंद. बारा जोड्या डोळे, आणि त्यांतलं एकही यंत्र नाही.
मी दुसऱ्याचं नाव घेतलं.
तेव्हा कळलं की हे नाव मी नुसतं वाचत आले होते,
तोंडाने कधी उच्चारलंच नव्हतं. चुकलं.
हसू उसळलं, त्यात माझंही.
डेल्बर्टने जाड पेनाने पट्टीवर लिहिलं, तेही चुकीचं,
आणि माझ्या नावाखाली चिकटवलं,
तळव्याने दाबून, दोनदा.